मालकाचा रकाना

२९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय श्रम मंत्रालयाची अनास्था अक्षम्य ठरवली आणि असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीचे काम ३१ जुलैपर्यंत सुरू करण्याचा आदेश दिला. त्याच्या आदल्या वर्षी टाळेबंदीत लक्षावधी माणसे पायी गावाकडे निघाली होती, आणि ती किती, कोठली, कोणत्या धंद्यातली, हे सरकारला सांगता येत नव्हते. दिलेली मुदत उलटून गेल्यावर २६ ऑगस्टला ई-श्रम पोर्टल उघडले. त्यात आजवर ३० कोटींहून अधिक नावे चढली आहेत. आकड्याकडे पाहून समाधान मानणाऱ्यांनी एकदा त्या अर्जाकडेही पाहावे.

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराने तो अर्ज भरला तेव्हा त्याला आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, धंदा, कौशल्य, मासिक उत्पन्न आणि बँकेचे खाते विचारण्यात आले. वारसाचे नावही विचारले. तुला कामावर कोणी ठेवले आहे, हे मात्र विचारले नाही. मालकाच्या नावाचा रकानाच त्या अर्जात नव्हता.

भिवंडीची ज्यांना ओळख आहे त्यांना या गाळलेल्या रकान्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. येथे गाळा एकाचा, त्यात भाड्याने बसवलेले माग दुसऱ्याचे, त्या मागांवर विणले जाणारे सूत तिसऱ्या व्यापाऱ्याचे, आणि आझमगढ, मऊ किंवा करीमनगरहून आलेल्या विणकराला कामावर आणणारा मुकादम चौथाच. मजुरी मीटरवर. हजेरीपत्रक बहुधा नाहीच, असले तर त्यावर अर्धी नावे. १९४८ च्या कारखाने कायद्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या उद्योगास दहा कामगारांची होती, म्हणून एकाच छताखालचे माग भाऊ, मेहुणा, पत्नी यांच्या नावे वाटून दहाच्या आत राहण्याची रीत येथे पडली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने ती मर्यादा विसावर नेली आहे, म्हणजे वाटणी करण्याचेही कष्ट कमी झाले. अशा गावात कामगाराच्या सगळ्या भांडणाचे मूळ एका प्रश्नात असते: माझा मालक कोण? अपघातात बोट गेले, मजुरी थकली, भविष्यनिर्वाह निधी मागायचा झाला, की आधी हाच प्रश्न उभा राहतो आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

संगणकीय नोंदवही, म्हणजे ज्याला डेटाबेस म्हणतात ती, या प्रश्नाचे उत्तर एका क्षणात देऊ शकली असती. प्रत्येक कामगाराने आपल्या मालकाचे नाव आणि गाळ्याचा पत्ता नोंदवला असता, तर एका पत्त्यावर किती नावे आणि किती ‘मालक’ आहेत हे एका आज्ञेसरशी समोर आले असते. भिवंडीत वीजवितरणाचे काम २००७ पासून टॉरेंट पॉवर या खाजगी कंपनीकडे आहे. कोणत्या मीटरवर किती युनिट जळले याची चोख नोंद तेथे होते, महिन्याच्या महिन्याला बिल येते. विजेचा हिशेब ठेवता येतो आणि विणकराचा ठेवता येत नाही, यात तंत्राची कोणतीच अडचण नाही. रकाना कोणी ठरवायचा, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न घेऊन गेलो की संगणकक्षेत्रातील सुशिक्षित मित्र आपल्याला एक आश्वासक उत्तर देतात. ते म्हणतात, आता काळ मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा आहे. त्याचा कोड सर्वांना खुला असतो, कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. वापरणाऱ्यांचा अभिप्राय ऐकूनच त्याची वाढ होते, तेव्हा लोकशाही तर त्यात आधीच आलेली आहे. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते काळजीपूर्वक तपासले पाहिजे.

खरा अर्धा भाग आधी घेऊ, कारण तो लहान नाही. पोस्टग्रेस्क्यूएल नावाची जी मुक्त नोंदप्रणाली आज जगभर बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत वापरली जाते, तिचा उगम १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात झाला. १९९६ पासून ती त्या नावाने चालते. तिचा कोणी मालक नाही. ती वापरण्यास एक पैसाही द्यावा लागत नाही. तिच्यात काय घालायचे आणि काय नाही याची चर्चा उघड्यावर होते, आणि तक्रार करणाऱ्यास हाकलून दिले जात नाही. एका वहीची हुबेहूब दुसरी प्रत सतत तयार ठेवण्याची सोय तिच्यात अंगची नव्हती. ज्यांना हवी त्यांनी बाहेरून जोडावी, असे कर्त्यांचे मत होते. वापरणारे कुरकुरत राहिले, काही सोडूनही जाऊ लागले. अखेर २००८ साली तिच्या मध्यवर्ती मंडळाने धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि २०१० च्या आवृत्तीत ती सोय आली. नोंद आधीची असेल तर ती सुधार, नसेल तर नवी घाल, हे एकाच आज्ञेत करण्याची मागणीही अशीच जुनी होती. ती २०१६ च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीत पुरी झाली. २०२० साली या क्षेत्रातील दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा मंडळातील निम्म्यांहून अधिक सभासद एका कंपनीचे असू नयेत, हा दंडक जाहीरपणे अमलात आणण्यात आला. आपल्याकडच्या किती सहकारी संस्थांना असा दंडक घालून घेण्याचे धैर्य होईल? साखर कारखान्यांची नावे घेत बसत नाही.

तेव्हा मुक्तस्रोत ही थाप नाही. मायएस्क्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध प्रणालीचे काय झाले ते पाहिले की तिचे मोल अधिकच कळते. ती ज्या कंपनीच्या हाती होती तिला २००८ मध्ये सन कंपनीने विकत घेतले आणि २०१० मध्ये सनला ओरॅकलने गिळले. नोंदप्रणालीच्या बाजारातील सर्वांत बलाढ्य विक्रेत्याच्या हाती त्याची मुक्त प्रतिस्पर्धी आली. तरीही कोड मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तिचे मूळ कर्ते तो घेऊन बाहेर पडू शकले आणि मारियाडीबी हे नवे बिऱ्हाड उभे राहिले. गिरणी विकली तरी यंत्राचा आराखडा कामगारांच्या हाती राहिला, असे हे आहे. आपल्या गिरण्यांचे तसे झाले असते तर गिरणगावच्या जमिनीवर आज वेगळे चित्र दिसले असते.

पण आता दुसरा अर्धा भाग. अभिप्राय ऐकला जातो हे कबूल, कोणाचा?

जुलै २०१६ मध्ये उबर या टॅक्सी कंपनीच्या अभियंत्यांनी आपण पोस्टग्रेस सोडून मायएस्क्यूएलकडे का गेलो याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. एका रकान्यात बदल झाला तरी त्या नोंदीच्या सगळ्या सूच्यांत नव्याने लिहावे लागते आणि त्यामुळे लिहिण्याचा भार कित्येक पटींनी वाढतो, अशी त्यांची मुख्य तक्रार होती. तक्रार रास्त होती. जगभर तिची चर्चा झाली. त्या प्रणालीच्या कर्त्यांनी ती गांभीर्याने घेतली आणि पुढच्या आवृत्त्यांत, विशेषतः २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत, सूच्या फुगण्याच्या दोषावर इलाज आले. वापरकर्त्याच्या अभिप्रायाने प्रणाली कशी सुधारते याचा हा धडा म्हणून सांगितला जातो.

त्या नोंदींमध्ये कोणाचे आयुष्य भरलेले होते? टॅक्सी हाकणाऱ्याचे. तो कुठे थांबला, किती वेळ थांबला, कोणती फेरी नाकारली, प्रवाशाने त्याला किती तारे दिले, या सगळ्याचे रकाने होते. त्या रकान्यांबद्दल त्याचे काय म्हणणे आहे हे कोणी विचारले नाही. ते ऐकून घेण्यासाठी चालकांना न्यायालयात जावे लागले. ४ एप्रिल २०२३ रोजी ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि आपल्या ओलाविरुद्ध निकाल देऊन चालकांना त्यांच्याविषयीची माहिती आणि यंत्राने घेतलेल्या निर्णयांची कारणे देण्यास सांगितले. सूचीच्या दोषाची तक्रार अभियंत्याच्या एका निवेदनाने जगाच्या कानी गेली, आणि माणसाच्या तक्रारीला अपील न्यायालयापर्यंत चढावे लागले. ‘वापरकर्ता’ हा शब्द ज्याला आपण तटस्थ समजतो, त्यात वर्ग असा लपलेला असतो. कंपनी वापरकर्ती ठरते. कामगार वापरलेला असतो, आणि त्याच्यासाठी या शास्त्राच्या परिभाषेत शब्दच नाही.

हे समजण्यासाठी ॲमस्टरडॅमला जाण्याचीही गरज नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यानंतर मुंबई-नाशिक महामार्गालगत माणकोली, पूर्णा, वळ, दापोडे, राहनाळ येथे गोदामांची जी रांग वाढत गेली, तिथे जाऊन पाहावे. ज्यांच्या बापांनी मागावर उभे राहून जन्म काढला ती पोरे आता हातात स्कॅनर घेऊन फळ्यांच्या गल्ल्यांतून धावतात. स्कॅनर एकदा वाजला की नोंदवहीत एक ओळ पडते: कोणती वस्तू, कोणत्या खणातून, कोणाच्या हाताने, कोणत्या सेकंदाला. या ओळींच्या बेरजेतून ताशी किती नग हा वेग निघतो, आणि त्या वेगावर ठेकेदार उद्या कोणाला बोलवायचे ते ठरवतो. लघवीला गेलेला वेळ त्या वहीत ‘काम नाही’ असा उतरतो, कारण दुसरा रकाना नाही. खण रिकामा होता, वरची फळी हाताला पोचत नव्हती, गाडी उशिरा आली, ही कारणे लिहिण्यास जागा नाही. मागावर काम करणारा निदान आपला तागा मोजताना समोर उभा राहून वाद घालू शकत असे. गोदामातील मुलाला आपली वही दिसतही नाही. अशा वह्यांच्या मुळाशी फुकट मिळालेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असले, तर त्याने या मुलाच्या स्वातंत्र्यात काय भर पडली?

महाराष्ट्रात या प्रश्नावर एक मोठा लढा होऊन गेला आहे. तो बायकांनी दिला आणि आपल्या वर्तुळात त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. अंगणवाडीच्या कामासाठी केंद्र सरकारने २०१८ च्या सुमारास जी मोबाईल नोंदप्रणाली आणली ती कॉमकेअर या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभी होती, आणि तिला गेट्स प्रतिष्ठानचे पाठबळ होते. सेविकांना फोन वाटण्यात आले. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये ती बाजूला सारून पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले गेले. ते मराठीत नव्हते. सरकारने दिलेल्या फोनच्या अपुऱ्या स्मरणक्षमतेत ते धड चालेना. माहिती भरली नाही तर मानधनाला कात्री लागेल, अशी टांगती तलवार वर होतीच. सेविकांनी निवेदने दिली, अधिकाऱ्यांना भेटल्या. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी आपले फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल वापसी म्हणून ते आंदोलन ओळखले गेले.

अभिप्राय म्हणतात तो हा. पाचपैकी तारे देण्याच्या खेळाशी त्याचा संबंध नाही. ज्याचे जळते त्याला कळते, आणि कळलेले ऐकवण्याची ताकद त्याच्यापाशी असेल तरच दुसऱ्याला ते ऐकू येते. कॉमकेअरचा कोड खुला होता म्हणून सेविकेला त्यातील एक रकानाही बदलता आला नाही, आणि पोषण ट्रॅकरच्या वेळी संघटना होती म्हणून निदान सरकारला दार उघडून बोलावे लागले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशा सेविकांनी राज्यात संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांतही ऑनलाईन कामाच्या सक्तीला विरोध होताच.

आता यावर आपल्यातलेच काही ज्येष्ठ साथी म्हणतील की हा सगळा तांत्रिक भाग आहे, मजुरीचा दर वाढवून घ्या, रकाने कारकून पाहून घेतील. हा विचार जुना आहे. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसमध्ये संगणक येऊ नये म्हणून पहारे दिले. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने बँकांच्या संघाशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्र येऊ द्यायचे की नाही, आले तर किती, यावर त्या पिढीने निकराने झुंज दिली आणि नोकऱ्या वाचवल्या, त्याबद्दल तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण यंत्र आत आल्यावर ते काय मोजणार यावर हक्क सांगायचा राहून गेला, आणि व्यवस्थापनाने तेवढीच जागा हेरली.

तो हक्क सांगता येतो, हे नॉर्वेच्या कामगारांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते. क्रिस्टेन न्यूगार्ड हा तेथील मोठा संगणकशास्त्रज्ञ. सिम्युला ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक. पुढे २००१ सालासाठी या शास्त्रातील सर्वोच्च ट्यूरिंग पुरस्कार त्याला मिळाला. सत्तरीच्या सुरुवातीस हा माणूस लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेकडे गेला आणि कारखान्यातील संगणक कामगारांच्या बाजूने कसे समजून घ्यायचे याचा अभ्यास त्यांच्याबरोबर करू लागला. आधी त्याने नेहमीप्रमाणे अहवाल लिहिण्याचे योजले होते. लवकरच लक्षात आले की अहवाल कपाटात जातात. मग ठरले असे की कारखान्यातील स्थानिक शाखा आपल्या बळावर जे पाऊल उचलतील तेच या संशोधनाचे फलित मानायचे. यातून १९७५ साली नॉर्वेच्या कामगार महासंघाचा आणि मालकांच्या संघाचा राष्ट्रीय करार झाला. कोणतीही संगणकप्रणाली आणण्यापूर्वी कामगारांना त्यांना समजेल अशा भाषेत माहिती देणे मालकांवर बंधनकारक झाले, आणि कामगारांना त्यासाठी स्वतःचे प्रतिनिधी निवडता येऊ लागले. ‘वापरकर्त्यांचा सहभाग’ म्हणून आज व्यवस्थापनाच्या वर्गांतून जे शिकवले जाते त्याची एक मोठी मुळी या करारात आहे. शिकवताना संघटना तेवढी गाळतात. संघटना काढून घेतली की उरते ती बाजारातील ग्राहकपाहणी.

त्याच परंपरेतील ऑस्लो विद्यापीठाचे संशोधक १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्णद्वेषी राजवट नुकतीच संपली होती. दवाखाने वंशावंशांत वाटलेले होते, त्यांच्या नोंदीही तशाच तुकड्यातुकड्यांच्या. केपटाऊनमध्ये स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर बसून त्यांनी पहिले काम केले ते रकाने कमी करण्याचे: परिचारिकेला तिच्या स्वतःच्या कामासाठी जी माहिती लागते तेवढीच आवश्यक, बाकीची वरून मागायची नाही. त्यातून वाढलेली डीएचआयएस ही मुक्तस्रोत आरोग्य-नोंदप्रणाली दुसऱ्या अवतारात २००६ साली प्रथम वापरात आली ती आपल्या केरळात. आज ती ७० हून अधिक देशांत आहे आणि तिच्या पोटात नोंदी सांभाळण्याचे काम तीच पोस्टग्रेस करते. म्हणजे मुक्त नोंदप्रणाली तीच, उबरने ज्या प्रणालीची तक्रार केली तीच. तिच्याभोवती कोण बसले, एवढाच फरक.

आपल्या मातीतही याचा पूर्वज आहे. १८८४ साली मुंबईच्या कारखान्यांची चौकशी करण्यास आयोग बसला तेव्हा मालकांचे म्हणणे त्याला आयते मिळत होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पंधरा तारखेच्या आत पगार, अपघातात भरपाई. आयोगाच्या प्रश्नावलीत काय असावे हे लोखंड्यांना कोणी विचारलेले नव्हते. त्यांनी आपले रकाने आपणच लिहून नेले.

एवढे झाल्यावर एका गंभीर आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, कारण तो भिवंडीत फार खरा आहे. कामगारांची यादी करा म्हणणे सोपे, पण यादी कोणाच्या हाती पडेल? या गावाने १९७० ची दंगल पाहिली आहे, ज्यावर न्यायमूर्ती मादन आयोग बसला, आणि १९८४ ची पाहिली आहे. नाव, धर्म, मूळ गाव आणि राहत्या खोलीचा पत्ता एका ओळीत असलेली यादी अशा गावात दारूगोळ्यासारखी असते. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वी अत्यंत नेटकी लोकसंख्या-नोंद होती आणि तिच्यात धर्माचाही रकाना होता. नाझी सैन्य आले तेव्हा ज्यू शोधण्याचे काम त्या रकान्याने सोपे करून दिले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतील तरुणांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली, तोवर फार उशीर झाला होता. म्हणून कामगाराच्या अभिप्रायात मालकाचा रकाना घाला ही जशी मागणी आहे तशीच धर्माचा रकाना घालू नका हीही आहे, आणि दुसरी पहिलीहून कमी महत्त्वाची नाही. कोणत्या अधिकाऱ्याने कोणाची ओळ केव्हा उघडून पाहिली याची नोंद ज्याची ओळ आहे त्याला मिळाली पाहिजे. ही सोय मुक्त नोंदप्रणाल्यांत करता येते. ती करून देण्याची इच्छा सरकारमध्ये आपोआप उगवणार नाही.

भारत सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचेही. २०२० च्या साथीत आरोग्यसेतूचा कोड लोकांपुढे ठेवण्यात आला, तोही आधी फोनमधल्या भागाचा, मे महिन्यात. सर्व्हरवरच्या भागासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. नोंदी जिथे साठतात ती बाजू शेवटी दाखवायची, ही सरकारी मुक्ततेची तऱ्हा. ई-श्रमच्या बाबतीत आपली मागणी याच्या उलट क्रमाने असली पाहिजे: रकान्यांचा तक्ता आधी, बाकीचा कोड नंतर, आणि तक्ता ठरवणाऱ्या समितीत कामगार संघटनांच्या जागा. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या चाळिसाव्या कलमात सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची जुनी तरतूद शिल्लक आहे. गोदामात ताशी वेग मोजणारी नवी प्रणाली आणणे हा सेवाशर्तीतील बदल आहे, असा दावा करून एखादे प्रकरण लढवून पाहण्यास कायदा जाणणाऱ्या साथींनी आता वेळ लावू नये.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. पोस्टग्रेस फुकट आहे. भिवंडीच्या कोणत्याही महाविद्यालयातून संगणक शिकून बाहेर पडलेली दोन मुले ती एका जुन्या संगणकावर बसवून देतील. तक्ता मात्र त्या मुलांनी ठरवायचा नाही. येथे विणकर जिथे जेवतात त्या खाणावळीला भिस्सी म्हणतात, आणि भिस्सी चालवणाऱ्याच्या वहीत कोण कोणत्या कारखान्यात आहे, कोणाचा पगार झाला, कोण गावी गेला, हे उधारीच्या निमित्ताने आधीच लिहिलेले असते. त्या वहीपासून सुरुवात करावी. उर्दू, हिंदी, तेलुगू आणि मराठीत छापलेला कच्चा तक्ता घेऊन शांतीनगर, पद्मानगर, नारपोली येथील भिस्सींत सुट्टीच्या दिवशी बसावे आणि विणकरांना विचारावे की कोणता रकाना हवा, कोणता नको, आणि कोणत्या रकान्यातले उत्तर फक्त संघटनेच्या कुलपात राहावे. गाळ्याचा मालक, मागाचा मालक, सुताचा व्यापारी आणि मुकादम यांसाठी चार वेगळे रकाने ठेवावेत, आणि ज्याला फक्त मुकादमच माहीत आहे त्याच्यासाठी बाकीचे तीन रिकामे सोडावेत. दोनशे अर्ज भरून झाले की ते रिकामे रकाने एकाच पत्त्याखाली शेजाऱ्याच्या उत्तराने भरू लागतील.